टोकेकर सरांचं सोवळं

पन्नाशी उलटलेला कोणीही पुरुष दिसला की आमचे टोकेकर सर नमस्कार करायच्या आधी विचारतात, "रात्री किती वेळा उठता?" रामघाटाच्या पायऱ्यांवर माणूस गंगेतून ओलेत्याने बाहेर येत असतो, तोंडात स्तोत्र असतं, आणि हे वाट अडवून उभे. नावाड्यांनाही सोडत नाहीत. "चाचा, रात में कितनी बार उठना पड़ता है?" गल्लीत त्यांची छत्री दिसली की निम्मे म्हातारे दुसऱ्या गल्लीत वळतात.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत नोंदी ठेवते आणि राहतेही त्यांच्याच गल्लीत, त्यामुळे मला दोन्हीकडून सुटका नाही.

सर वैदिकांच्या घरातले. एकोणिसाव्या वर्षी वडिलांशी भांडून त्यांनी सोवळं खुंटीला टांगलं आणि विज्ञान शिकायला गेले. पण ते सोवळं बहुधा त्यांच्याआधीच प्रयोगशाळेत जाऊन बसलं होतं. आमचं काम आरएनएचं, आणि ते नुसतं बोट लागलं तरी बिघडतं. त्यामुळे हातमोज्यांशिवाय कशाला शिवायचं नाही, उघड्या नळीवर बोलायचं नाही, बाहेरून आलेल्याने दारातच थांबायचं. चुकून कोणाचा हात लागला की सर शांतपणे म्हणतात, "विटाळलं. परत करा." बलियाकडच्या खेड्यातला एक विद्यार्थी तिसऱ्यांदा तेच काम करताना कुरकुरला होता, "हमारे गाँव के पंडितजी भी इतना नहीं करते."

ज्यासाठी हे सगळं, त्याचं नाव मायक्रोआरएनए. रक्तात सापडणारे इवलेसे तुकडे. सर समजावतात की घरातली वडीलधारी माणसं स्वतः काडी हलवत नाहीत, पण कोणी गप्प बसायचं ते तीच ठरवतात. तसे हे तुकडे जनुकांना गप्प बसवतात. पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी बिघडली की रात्री लघवीला सारखं उठावं लागतं, म्हणून सरांचा तो प्रश्न. प्रोस्टेटचा कॅन्सर दोन माणसांत अगदी सारखा दिसतो, पण एकाचा वर्षानुवर्षं नुसता पडून राहतो आणि दुसऱ्याचा बघता बघता हाडांत जातो. कोणाचा कोणत्या वाटेने जाईल हे या तुकड्यांवरून आधी कळेल का, हा सरांचा ध्यास. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून नक्की नाही." चहात साखर बरोबर पडलीय का विचारलं तरी हेच म्हणतात आणि दुसरा कप मागतात.

एका श्राद्धाच्या पंगतीत वडे वाढणं चालू असताना त्यांनी शेजारच्या पानावरच्या गुरुजींना तो प्रश्न विचारला. यजमानांना कुठे तोंड लपवावं कळेना. गुरुजी मात्र आठवड्याने गुपचूप तपासणीला आले, आणि वेळेत आले. तेव्हापासून सरांना आमंत्रण न चुकता असतं, फक्त पान कोपऱ्यात मांडतात.

गेल्या वर्षी सरांनी स्वतःची तपासणी करून घेतली. कॅन्सर निघाला. लहान होता, डॉक्टर म्हणाले, कापाकापीची घाई नको, दर तीन महिन्यांनी दाखवायला या. ही गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली, तीही फॉर्म भरायचा होता म्हणून. अभ्यासासाठी स्वतःचं रक्त देताना तर ते खूश होते. "घरबसल्या सँपल मिळालं, सुनंदाबाई." फॉर्मवर 'सोबत येणारी व्यक्ती' असा रकाना असतो. त्यात त्यांनी आडवी रेघ मारली. लग्न केलेलं नाही. घरी दोन खुर्च्या आहेत, दुसरीवर पुस्तकं असतात.

आमच्याकडे नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. कोणाचा कोणता, ती यादी माझ्या कपाटात, आणि सरांनीही ती बघायची नाही. स्वतःचा नंबर त्यांनाही ठाऊक नव्हता. पुढे दोनदा तारीख आली आणि दोन्ही वेळा ते डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. मी आठवण केली की म्हणायचे, एवढ्या नळ्या संपू देत. मला रागही यायचा आणि भीतीही वाटायची.

परवा निकाल आले. सर हातमोजे न काढताच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"एकतीस नंबरचं लक्षण बरं दिसत नाही," ते म्हणाले. "हे तुकडे खरं सांगतात की नाही, अजून नक्की नाही. नाव मी विचारत नाही. पण त्याला म्हणावं, तपासणी चुकवू नकोस. सोबत कोणी नसेल तर मी जाईन त्याच्याबरोबर."

यादी बघायची मला गरज नव्हती. एकतीस नंबरची चिठ्ठी मीच चिकटवली होती, सरांच्या नळीवर.

"सोबत कोणी नाही त्याला," मी म्हटलं. "दोनदा तपासणी चुकवलीय त्याने. म्हणून मंगळवारी मीच घेऊन जाणार आहे."

एकेक बोट सोडवत सरांनी हातमोजे काढले आणि माझ्या धुळकट फायलींवर ठेवून दिले. विटाळतील वगैरे काही म्हणाले नाहीत.

"येईल तो?"

"अजून नक्की नाही."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"मंगळवारी किती वाजता?"