पैलवान आणि सुपारी

अमरेशच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण सुकन्या मॅडमनी परत केलं, तेव्हा त्यावर लाल शाईत एकच शब्द होता: बुजगावणं. अमरेशला आधी वाटलं, हे आपल्यालाच म्हटलंय. तब्येत तशीच होती बिचाऱ्याची.

नांदेडला विद्यापीठात तो तत्त्वज्ञानात पीएचडी करत होता. विषय होता, दिलेलं वचन माणसानं का पाळावं. उदगीरला त्याच्या वडिलांचं, ईश्वरप्पांचं, भांड्यांचं दुकान. त्यांच्या मते हा विषय एका वाक्यात संपत होता: न्हाई पाळलं तर लोक दारात येतात. त्यासाठी पोरगं इतकी वर्षं काय करून राहिलंय, हे त्यांना कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अधूनमधून अमरेशलाही कळत नसे.

मॅडमनी समोर बसवून समजावलं. "विरोधकाचं म्हणणं तुम्ही मांडलंय, पण फुंकर मारली की आडवं होतंय. बुजगावणं पाडलं म्हणून कुणी फेटा बांधत नाही, अमरेश. समोर पैलवान उभा करा. त्याची बाजू त्याला स्वतःलाही जमणार नाही इतकी भक्कम मांडा, आणि मग पाडा. आधी रोजच्या बोलण्यात सवय लावा, म्हणजे कागदावर उतरेल."

अशा वेळी शहाणा विद्यार्थी मान डोलावतो आणि कँटीनला जातो. अमरेशनं सवय लावली.

सुट्टीत उदगीरला आल्यावर आईनं, नीलाबाईंनी, त्याला मेथी आणायला पाठवलं. भाव जरा कमी कर म्हणण्याआधी त्यानं भाजीवाल्या शिवम्माची बाजू मांडून पाहिली. पाऊस, डिझेल, पहाटेचं उठणं, सगळं आलं. शिवम्मा पदरानं डोळे पुसायला लागली. इतकं कुणी तिला कधी समजूनच घेतलं नव्हतं. अमरेश तिनं मागितल्यापेक्षा जास्त पैसे देऊन घरी आला आणि मेथी तिथंच विसरला. दुकानात एक गिऱ्हाईक कुकर महाग आहे म्हणून कुरकुरत होतं, तर यानं कुकर का घेऊ नये हे त्या गिऱ्हाइकाला नीट पटवून दिलं. ईश्वरप्पांनी त्याला गल्ल्यावरून उठवलं आणि सांगितलं, तू आपला घरात बसून विचार कर.

इथपर्यंत सगळं चाललं असतं. पण देगलूरचं स्थळ आलं.

आलं म्हणजे, आणवलं. देगलूरची अंजू आणि अमरेश यांची ओळख विद्यापीठाच्या लायब्ररीतली. ती कायद्याचं शिकत होती. दोघांचं जमलं होतं, पण घरी सांगायची छाती एकाचीही नव्हती. म्हणून अमरेशच्या सोमेशमामाला हाताशी धरून स्थळ रीतसर सुचवलं होतं. आता फक्त एक बैठक नीट पार पडायची होती. पडली तर जन्माचं सोनं, फिसकटली तर अंजूच्या बापानं निलंग्याचा एक इंजिनियर हेरूनच ठेवला होता. देगलूरला जाताना गाडीत अमरेशच्या हाताला घाम सुटला होता.

अंजूचे वडील वीरण्णा धान्याच्या मोंढ्यातले आडते. "बर्री, बर्री," असं कानडीत या-या करत त्यांनी पाहुण्यांना बसवलं. बश्यांतून मुरमुऱ्यांची सुशीला आली, चहा आला. मामानं मुलगा आता पर्मनंट झालाच म्हणून समजा, असं सांगून टाकलं. वीरण्णांनी पानाचं तबक पुढं ओढलं आणि थेट अमरेशला विचारलं, "बरं जावईबापू, आमची पोरगी तुमच्या घरात का द्यावी, तुम्हीच सांगा की."

प्रश्न ऐकला आणि गड्याचा घाम वाळला. सवय जागी झाली.

"आधी का देऊ नये, ते बघू," अमरेश म्हणाला.

नीलाबाईंना ठसका लागला. अमरेश सुरू झाला. मुलगा बारीक आहे हा आक्षेप कमकुवत, तो त्यानं स्वतःच बाजूला सारला. खरा आक्षेप असा की तिशी आली तरी मुलगा शिकतोच आहे. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची जागा निघत नाही, निघाली तर भरत नाही, आणि भरलीच तर मामा म्हणतात तशी पर्मनंट होत नाही. मुलगा दुकानात बसला तर गिऱ्हाईक उठून जातं. ईश्वरप्पांनी त्याच्या मांडीला चिमटा घेतला, पण चिमट्यानं थांबायला हा काही झोपेत नव्हता. मुलीच्या सुखाचा विचार करणारा कुठलाही बाप, तो म्हणाला, इथं नकोच म्हणेल. आता याचं उत्तर—

"बस्स," वीरण्णा उठले. "समजलं."

ते मामाला हाताला धरून बाहेर घेऊन गेले. आतल्या दारापाशी अंजू उभी होती. अमरेशनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. आपण काय करून बसलो, हे त्याला तेव्हा कळलं. असला मूर्खपणा करायला शिक्षणच लागतं.

वीरण्णा परत आले ते गडबडीत. "पाहुणे, सुपारी आजच फोडायची. उद्यावर ठेवायचं न्हाई."

कुणाला काही उमगेना. मामानं ईश्वरप्पांच्या कानात सांगितलं ते एवढंच, की वीरण्णांचा सारा जन्म मोंढ्यात गेलाय. जो आपल्याच मालाला नावं ठेवतो, त्याला दुसरीकडं मोठं गिऱ्हाईक लागलेलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. मुलाला कुठलं स्थळ आलंय ते सांग म्हणून ते मामाच्या मागं लागले होते. "मी नुसता हसलो," मामा म्हणाला. "बाकीचं त्यांनीच लावून घेतलं."

सुपारी फुटली, पेढे वाटले गेले. आणि मग अंगणात अंजूनं अमरेशला गाठलं.

"उत्तर काय होतं?" ती म्हणाली.

"कशाचं?"

"आक्षेपांचं. लई भारी मांडलास. मलाच पटायला लागलं होतं. आता उत्तर सांग."

पैलवान उभा करण्याच्या नादात त्याला पाडायचा डाव अमरेशनं शिकूनच घेतला नव्हता. "उत्तर न्हाई माझ्याकडं," तो म्हणाला. "तुझ्याबिगर मला करमत न्हाई, एवढंच हाय. मॅडम ह्याला युक्तिवाद म्हणणार न्हाईत."

अंजू हसली. मग वकिलीण झाली. "एक वचन दे. लग्नानंतर भांडण झालं, की आधी माझी बाजू तू मांडायची. माझ्यापेक्षा चांगली."

"देतो की," अमरेश म्हणाला. वचन का पाळावं, यावर त्याचं अख्खं प्रकरण तयार होतं. मग त्याला शंका आली. "आन् त्यावर उत्तर कधी द्यायचं?"

"बस्स," अंजू म्हणाली, अगदी वडिलांसारखी. "'समजलं' असं म्हणून मी तिथंच उठणार."