मठाच्या दारातले तीन जोड

सासऱ्यांना अमेरिका कशी दाखवावी, ते मला विचारा! लोक पाहुण्यांना न्यूयॉर्कला नेतात, उंच इमारतींखाली उभं करून त्यांच्या माना आखडवतात आणि नायगाऱ्यापाशी चिंब करून परत आणतात. मी असला वेडेपणा करणार नव्हतो. माझे सासरे त्र्यंबकराव, म्हणजे आमचे अण्णा, चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात नागपूरहून आले, ते आपली सुमेधा या पीएच.डी.वाल्याबरोबर सुखात आहे की नाही, एवढंच बघायला. तसं ते बोलले नाहीत. पण स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये शिरल्याबरोबर त्यांनी आधी फ्रिज उघडून पाहिला. यावरून काय ते समजा. मला त्यांच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, की पोरीचं चांगलं चाललंय.

म्हणून मी एक मठ शोधून काढला. ख्रिस्ती साधूंचा, शंभरेक वर्षं जुना, दगडी, चहूबाजूंनी मक्याची शेतं. गाडीत मी अण्णांना सांगत होतो, की या देशात कुणी कुणाच्या वस्तूला हात लावत नाही. अण्णा नुसतं "हं" म्हणाले.

चर्चच्या दाराशी अण्णा बूट काढायला वाकले. मी म्हटलं, इथे बूट घालूनच आत जातात.

"देवाच्या दारात? चंद्रशेखरराव, चार वर्षांत एवढे बदललात?"

सुमेधानं बूट काढले, मीही काढले. भिंतीशी आधीच बरेच जोड ओळीनं ठेवलेले होते. अण्णांनी त्यांच्याकडे बोट दाखवून मला सुनावलं, की साहेबसुद्धा काढतात, तुम्हीच तेवढे जास्तीचे साहेब झालात. आत बसलेल्या झाडून सगळ्यांच्या पायांत बूट होते, हे मला खटकायला हवं होतं. पण साधूंचं ते संथ गाणं सुरू झालं आणि अण्णांनी डोळे मिटून मान डोलावली. मी मनात म्हटलं, जिंकलो!

बाहेर आलो, तर भिंत साफ मोकळी! एक बूट शिल्लक नाही.

अण्णांचा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू! "आमच्याकडे देवळातून चोर निदान नवा जोड बघून नेतो," ते म्हणाले. "तुमच्याकडे शिस्तच फार. सरसकट नेतात."

माझं डोकंच फिरलं. अमेरिकेची अब्रू जणू माझ्या एकट्याच्या खांद्यावर होती! तसाच मोजे फरफटवत मी समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या साधूला गाठलं आणि तावातावानं जाब विचारला. त्यानं हसून ओठांवर बोट ठेवलं. ही त्यांची मौनाची वेळ होती! मग मी हातवारे केले. आमच्या पायांकडे बोट दाखवलं, दाराकडे दाखवलं, आभाळाकडेही दाखवलं. साधूचे डोळे भरून आले. त्यानं आम्हाला पाहुण्यांच्या खोलीत नेऊन बसवलं आणि कोमट पाण्याचं घमेलं आणलं. आम्ही अनवाणी यात्रेला आलोय, असा त्याचा समज झाला होता. तो अण्णांचे पाय धुवायला खाली बसला.

अण्णा ताडकन उठले. "संन्याशाकडून पाय धुवून घेऊ? कुठे फेडू हे पाप?" असं म्हणून त्यांनी त्या साधूलाच खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि त्याचे पाय घमेल्यात घालून चोळायला सुरुवात केली. बिचाऱ्याला नको म्हणायचीही सोय नाही! सुमेधा पदरात तोंड खुपसून हसत होती. आणि मी? मी मोज्यांवर उभा राहून धुमसत होतो.

शेवटी घंटा झाली, मौन सुटलं, आणि साधूनं आमचं ऐकून कपाळाला हात लावला. त्या दिवशी गावकरी गरिबांसाठी जुने बूट आणून दाराशी ठेवत होते आणि यानंच ते सगळे गोळा केले होते.

"तुमचे दोन जोड चांगले होते, ते खोक्यात भरलेत. आत्ता काढून देतो," तो म्हणाला.

"आणि तिसरा?" मी विचारलं.

तो घुटमळला. "मागे पाला जाळतोय, त्यात टाकला. गरिबाला द्यायचं ते बरं असावं, असा आमचा नियम आहे."

माझे बूट! भिकाऱ्यालाही देण्याच्या लायकीचे नाहीत! वर त्यानं खोक्यातून एक तपकिरी जोड काढून माझ्यापुढे धरला. मी ठणकावून सांगितलं, "मला दान नको. मी गरीब नाही, डॉक्टरेट करतोय."

साधूनं मान हलवली. "विद्यापीठातले पुष्कळजण येतात आमच्याकडे."

"घ्या, जावईबापू," अण्णा म्हणाले. इतक्या मायेनं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. "महाराज प्रेमानं देताहेत."

बूट अगदी मापाचे निघाले, याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. परतीच्या वाटेवर गाडीत अण्णांनी माझ्या पायांतल्या तपकिरी बुटांकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. मग मागे वळून त्यांनी सुमेधाच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "फार धीराची निघालीस हो तू!"