टेंबेकाकांचा बुरूज

पर्यटकांच्या आधी बुरुजात हातोडी शिरते, तिच्यामागून टेंबेकाका. दर रविवारी ते दाराचा एकेक दगड ठोकतात, कान देऊन ऐकतात आणि मगच म्हणतात, "आइए, पक्का है."

काका झाशीच्या सीपरी बाजारातले आमचे शेजारी. रेल्वेत पुलांची तपासणी करायचे. रिव्हेट ठोकून सैल की घट्ट ते ओळखण्यात जन्म गेला. माणूस निवृत्त झाला, हात झाला नाही. झाशीबाहेर नदीवर बुंदेल्यांच्या काळचा पूल आहे आणि त्याच्या तोंडाशी दुमजली बुरूज. तिथे हे बिनपगारी गाइड.

इतिहास मात्र कोरडा ठणठणीत. खाली जकात घ्यायचे, वर पहारेकरी राहायचा, दिवस मावळला की दार बंद. संपलं! कुणी भुयाराचं नाव काढलं की काकांचं पित्त खवळतं. "कहाँ लिखा है?" एका ऑटोवाल्याने सवारीला गाडलेल्या खजिन्याची गोष्ट सांगितली, तर काका हाच प्रश्न विचारत पुलाच्या पार टोकापर्यंत त्याच्या मागे गेले. माझे आजोबा नोकरीसाठी झाशीला आले, हेसुद्धा त्यांनी कागद पाहिल्यावरच मानलं.

काकू डबा घेऊन यायच्या आणि खालच्या पायरीवर बसायच्या. गुडघे धरलेले. "वरून काय दिसतं हो?" असं दर वेळी विचारायच्या.

"पुढच्या रविवारी नेतो. आज गर्दी आहे."

काकांनी अख्खी झाशी वर नेली, काकू खालीच राहिल्या. आम्ही त्यावरून दोघांची चेष्टा करायचो. मी तरी हात द्यायचा होता. त्याची आता लाज वाटते. काकू गेल्या हिवाळ्यात वारल्या.

परवा बऱ्याच दिवसांनी बुरुजावर गेलो. वरच्या खिडकीपाशी काका घोळक्याला सांगत होते, "यहाँ पहरेदार की घरवाली बैठती थी. पूरी नदी देखती थी यहीं से."

मी चाटच पडलो. लोक खाली उतरल्यावर जुन्या सवयीने म्हणालो, "काका, कहाँ लिखा है?"

त्यांनी खिडकीखालचा दगड हलकेच ठोकला, ऐकला.

"कुठेच नाही," ते म्हणाले. "अठ्ठावीसच पायऱ्या आहेत रे. मध्ये दोनदा बसली असती, पण चढली असती."