रिकंडिशन टाक्यांचे आर्थिक फायदे

बचत करायला भांडवल लागत नाही, फक्त खर्च लागतो. जो माणूस काहीच विकत घेत नाही त्याची बचत शून्य असते, हे कोणालाही पटेल. ज्याला थोडी बचत हवी त्याने थोडी खरेदी करावी, आणि ज्याला भरघोस बचत हवी त्याने हात सैल सोडावा. हे सत्य एका कारखान्यातल्या खरेदी अधिकाऱ्याला वयाची पन्नाशी उलटल्यावर, कॅन्टीनमध्ये गार झालेला चहा घशाखाली ढकलताना उमगलं. कारखाना फरशी पुसायचं सुगंधी द्रावण बनवायचा.

खरेदीसाहेबांना (कारखान्यात सगळे त्यांना असंच म्हणत, घरी 'अहो') हे सत्य तेव्हाच उमगायला कारणही तसंच होतं. थोरल्या मालकांनी कारभार धाकट्या मालकांकडे सोपवला होता, आणि धाकट्या मालकांनी आल्या आल्या जाहीर केलं होतं, की खरेदी आणि गोदाम ही दोन खाती म्हणजे एकाच कामाला दोन माणसं. वर्षअखेरीला एकच राहील. ज्याची बचत जास्त, तो राहील. आता गोदाम सांभाळणारा माणूस म्हणजे खरेदीसाहेबांचा सख्खा साडू. दोघांची घरं एकाच जिन्यावर, समोरासमोर. भाजीची वाटी या दारातून त्या दारात जायची आणि रिकामी कधीच परत यायची नाही. दोघांच्याही डोक्यावर घराचं कर्ज होतं. म्हणजे दोघांपैकी एकाने घरी बसायचं, आणि दुसऱ्याने रोज सकाळी त्याच्या दारावरून कामावर जायचं, असा हा सरळ मामला होता.

"काही झालं तरी आपल्यात वितुष्ट नको हं, साडूबुवा," साडू जिन्यात म्हणाला.

"छे हो! नोकरी काय, येते नि जाते," खरेदीसाहेब म्हणाले. कोणाची जाते, तेवढं त्यांनी मनात ठरवून टाकलं.

द्रावण भरायला कारखान्यात हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाक्या लागत. चौकोनी, भोवती लोखंडी पिंजरा, पुढे तोटी. नवी टाकी सोळा हजारांना पडते. पण हीच टाकी कोणीतरी वापरून झाल्यावर धुऊन, तोटी बदलून, तपासून आणि वर कोरं लेबल चिकटवून विकायला ठेवली, की ती आठ हजारांत मिळते. तिला रिकंडिशन टाकी म्हणतात. काम तेच, माप तेच, पिंजराही तोच. आधी तिच्यात काय होतं, एवढंच विचारायचं नसतं.

पहिल्या चाळीस टाक्यांबद्दल कोणी वाकडा शब्द काढू शकणार नाही. (कारखान्याला चाळीसच हव्या होत्या.) तीन लाख वीस हजार वाचले. धाकट्या मालकांनी फाटकाजवळ बचतीचा फलक लावून त्यावर तो आकडा रंगवून घेतला आणि जाता-येता त्याच्याकडे, पोटच्या पोराकडे बघावं तसं, कौतुकाने बघू लागले.

इथे कारखान्याचे दोन नियम कामाला आले. पहिला थोरल्या मालकांचा: बाहेरून आलेली प्रत्येक टाकी स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरून गळते का ते बघावं. दुसरा धाकट्या मालकांचा: टाकीत एकदा गेलेलं पाणी गटारात सोडू नये, साठवून ठेवावं. दोन्ही नियम आपापल्या जागी अत्यंत शहाणे होते. फक्त त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायचं राहून गेलं होतं.

चाळीस टाक्या भरल्या. एकही गळली नाही. आता ते पाणी (कशाला व्हिनेगरचा वास, कशाला शाम्पूचा, आणि एका टाकीला असा, की तिच्या आसपास कोणी जेवणाचा डबा उघडेना) ठेवायचं कुठे? टाक्यांत. टाक्या आणायच्या कुठून? अर्ध्या किमतीत मिळतात तिथून. आणखी चाळीस आल्या. त्याही नियमाप्रमाणे भरल्या, त्याही गळल्या नाहीत, आणि त्यांच्यातलं पाणी ठेवायला पुन्हा टाक्या हव्याच होत्या. (पहिलंच पाणी दुसऱ्या टाकीत ओतून तपासणी उरकावी, असं वाचकाला वाटेल. कारखान्यातही एकाला वाटलं होतं. पण तपासणीचं पाणी स्वच्छच हवं असं नियमात आहे, आणि नियमाला वास चालत नाही.) अशा रीतीने कारखान्याला बचतीचा न आटणारा झरा लागला.

सहा महिन्यांनंतरची स्थिती अशी: टाक्या आठशे. गळक्या, एकही नाही. द्रावणाने भरलेल्या, एकही नाही. बचत चौसष्ट लाख. विक्री थंडावली होती खरी. पण विक्री हा बेभरवशाचा प्रकार, गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चालणारा. बचतीला गिऱ्हाईक लागत नाही.

"अहो, पण ते चौसष्ट लाख आहेत कुठे?" बायकोने एकदा जेवताना विचारलं.

"अगं, ते वाचले."

"ते कळलं. वाचून गेले कुठे?"

"जिथे जाणार होते तिथे गेले नाहीत."

"आणि टाक्यांना दिले ते?"

खरेदीसाहेबांनी ताटात मान घातली. बायको वाढता वाढता म्हणाली, "ताई आज जिन्यात भेटली. माझ्याशी बोलली नाही. भावजींचं काय होणार हो?" यावर मात्र साहेबांनी पाणी मागितलं.

भावजींचं काय होणार, ते टाक्याच ठरवत होत्या. गोदामात एकावर एक अशा दोन-दोन टाक्या छपरापर्यंत गेल्या होत्या. फोर्कलिफ्ट आत गेली होती ती वळायला जागा नाही म्हणून आतच राहिली. साडू बाहेर रस्त्यावर स्टूल टाकून बसायचा आणि आपल्या गोदामाकडे परक्यासारखा बघायचा. धाकट्या मालकांनी यातून रीतसर निष्कर्ष काढला: गोदामात आता काही आत जात नाही, काही बाहेर येत नाही, तेव्हा त्यावर माणूस ठेवणं ही चैन आहे. साडूला निरोपादाखल एक हार आणि एक रिकंडिशन टाकी देण्यात आली. (टाकीची किंमत बचतीत धरली.)

त्या संध्याकाळी जिना चढताना खरेदीसाहेबांना लाज वाटली. आनंदही झाला. दोन्ही अगदी खरं होतं, फक्त आनंद जरा जास्त होता. समोरच्या दारातली टाकी त्यांनी पाहिली न पाहिल्यासारखी केली आणि हळूच आपलं दार लावून घेतलं.

महिनाभराने धाकट्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. बढतीच असणार, म्हणून साहेब इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

"खरेदीसाहेब, तुमच्याकडून मी फार शिकलो," मालक म्हणाले. "एकदा पुन्हा सांगा. आपण नवी टाकी का घेत नाही?"

"जुनी तेच काम अर्ध्या किमतीत करते, साहेब."

"वापरलेली असली तरी?"

"उलट वापरलेलीच बरी. तिने काय काय सोसलंय ते दिसतंच की! कुठे गळत नाही, याची खात्री असते."

"आणि ती आपल्याकडेच आधी वापरलेली असली तर?"

"मग तर सोन्याहून पिवळं! आपल्या जागेत बरोबर बसते," साहेब उत्साहाने म्हणाले.

"माझंही हेच मत पडलं," मालक म्हणाले आणि त्यांनी दाराकडे बघून हाक मारली.

साडू आत आला. केस कापलेले, गुळगुळीत दाढी, अंगाला साबणाचा वास. गळ्यात नवं ओळखपत्र, त्यावर लिहिलेलं: खरेदी अधिकारी. पगार, खरेदीसाहेबांच्या बरोबर निम्मा. त्याला खाली बघतच उभं राहायचं होतं, पण कर्जाचा हप्ता माणसाला मान वर करायला लावतो.

"वितुष्ट नको हं, साडूबुवा," तो पुटपुटला. तोंडात मारल्यासारखे खरेदीसाहेब उठले, आणि खुर्ची गरम असतानाच साडू तिच्यात बसला. फाटकाजवळच्या फलकावरचा आकडा संध्याकाळपर्यंत वाढला होता.

घरी येऊन साहेब भिंतीकडे तोंड करून पडले आणि चक्क रडले. बायकोने थोडा वेळ रडू दिलं. मग शेजारी येऊन बसली.

"मी काय म्हणते, तिथे भावजी तरी किती दिवस टिकणार? आता त्यांचा पगार म्हणजे नव्या मालाचा भाव झाला. तुम्ही त्याच्या अर्ध्यात जाल का?"

साहेबांनी मनात भागाकार केला. मग उठून आंघोळीला गेले.

हल्ली ते रोज सकाळी दाढी करून, स्वच्छ कपडे घालून कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत उभे असतात. तिथे आता बरीच माणसं असतात: हिशेबनीस, वेल्डर, शिकवणारे, लिहिणारे. सगळे धुतलेले, उन्हात उभं करून तपासलेले, छातीवर कोरं लेबल. कोण आधी कुठे होतं, हे कोणी कोणाला विचारत नाही.

धाकट्या मालकांवर रागावू नका. साडू केबिनमध्ये शिरला तेव्हा 'बरी जिरली' असं तुम्हालाही वाटलं, आणि तो निम्म्या पगारात आला हे तुम्हाला त्यातलं सगळ्यात गमतीचं वाटलं. रांगेत तिसरा उभा आहे ना, त्याला तुमचं काम येतं. गळत नाही.