माउस हलवा!

त्या घरात सगळ्यात उशिरा उठणारा प्राणी म्हणजे दिवाणखान्यातला कॉम्प्युटर. बटण दाबावं, चहा टाकावा, प्यावा, कप विसळून पालथा घालावा, तरी हा आपला गोल फिरणारी चकती दाखवत बसलेला. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. घरात माणसं चार आणि प्रत्येकाचं खातं वेगळं. पण काम झाल्यावर ते बंदही करायचं असतं, हे चौघांपैकी तिघांच्या गावीच नव्हतं. सासरे निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत. रस्त्यावरच्या खड्ड्यांपासून जागतिक शांततेपर्यंत त्यांना कुठलाही विषय वर्ज्य नव्हता, आणि एकही पत्र पुरं झालेलं नव्हतं. सासूबाई मालिकेचा भाग अर्ध्यावर थांबवून स्वयंपाकघरात जात त्या जातच. नवरा सामना बघता बघता उठे आणि थेट दुसऱ्या दिवशी परते. तिघांचे तीन संसार पोटात घेऊन तो कॉम्प्युटर धापा टाकत होता.

चौथं माणूस म्हणजे सूनबाई. तिचा तर व्यवसायच कॉम्प्युटर सांभाळण्याचा. ती ज्या ऑफिसात होती तिथलं एकूण एक यंत्र तिच्या धाकात होतं. एकदा रजा असताना तिला घरून साहेबांशी बोलण्याची वेळ आली. पाचव्याच वाक्याला चित्र गोठलं. गोठलं तेही तिचं तोंड उघडं आणि एक डोळा मिटलेला असताना. दुसऱ्या दिवशी साहेब एवढंच म्हणाले, "मांत्रिकाच्याच घरात भूत, अं?"

हे तिला लागलं. त्याच संध्याकाळी ऑफिसात वापरत होती तशीच एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञावली, तिनं घरच्या कॉम्प्युटरवर बसवली. कीबोर्डला किंवा माउसला पंधरा मिनिटं कुणाचा हात लागला नाही, की ते माणूस उठून गेलं असं समजायचं, त्याच्या खिडक्या मिटायच्या आणि त्याला लॉगऑफ करून टाकायचं. आधी एक मिनिट कोपऱ्यात सूचना द्यायची, म्हणजे अन्याय नको. जेवताना तिनं हे सगळ्यांना रीतसर सांगितलंही. सासरे तेव्हा सासूबाईंना भाजीत मीठ नाही हे सांगत होते, सासूबाई त्यांना ते डॉक्टरांनीच बंद केलंय हे सांगत होत्या आणि नवरा "हं" म्हणाला. नवऱ्याच्या "हं"ला संमती धरू नये, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला कळायला हवं होतं.

कॉम्प्युटर मात्र घोड्यासारखा पळू लागला. सासूबाईंची मालिका आणि नवऱ्याचा सामना आताशा मोबाइलवर चालत, त्यामुळे कुरबुर झाली ती फक्त सासऱ्यांची. ते एका बोटानं टाइप करत, आणि एक वाक्य झालं की पुढच्या वाक्यासाठी गॅलरीत येरझाऱ्या घालत. वाक्य घेऊन परत यावं तर पडदा लख्ख.

"अगं, माझं आवरून ठेवत जाऊ नकोस म्हणून किती वेळा सांगू!" ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडत.

"मी कशाला हात लावू त्या यंत्राला?"

"मग जागतिक शांतता गेली कुठे?"

"तुम्ही घरात असताना ती असते कुठे?" सासूबाई आतून म्हणत.

सूनबाईनं सासऱ्यांना मजकूर जतन करायला शिकवलं आणि विषय तिथे संपला. निदान तिला तसं वाटलं.

रविवारी दुपारी परदेशातल्या लेकीचा फोन येई, चेहरा दिसणारा. ती नवऱ्याची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणत. एरवी सासूबाई अंगठ्यानं कॅमेरा झाकत मोबाइलवरच बोलायच्या. त्या रविवारी मात्र सासरे म्हणाले, "आता कॉम्प्युटर एवढा पळतोय, तर मोठ्या पडद्यावर बघू लेकीला." तिघंही पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून, फोटोला बसावं तसे बसले. आधी तब्येती झाल्या, मग हवा झाली, मग शेजारणीच्या मुलीनं आणलेला नवा सोफा आणि त्याचा न आवडलेला रंग झाला. आणि इतका वेळ कुणाचाही हात माउसला लागला नाही. स्क्रिप्टला फक्त हात कळत होते. जिभेचं काम तिच्या हिशेबात नव्हतं.

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा ताई म्हणत होत्या, "आई, बाबा, ऐका ना. एक सांगायचंय. बरेच दिवस मनात होतं, आता पक्कं ठरवलंय."

सूनबाईची नजर पडद्याच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे तिच्याच हातची चौकट झळकत होती आणि सेकंद उतरत होते. तिच्या दोन्ही हातांत ट्रे, ट्रेवर काठोकाठ चहा.

"बाबा, हलवा!" ती ओरडली. "माउस हलवा!"

सासऱ्यांना ती चौकट मघापासून दिसत होती. पण अनोळखी चौकट आली की कशालाही हात लावायचा नाही, हे त्यांना सूनबाईनंच पढवलं होतं, आणि तेही एकदा लॉटरी लागल्याच्या निरोपाला त्यांनी भक्तिभावानं उत्तर दिल्यानंतर. त्यामुळे ती ओरडताच त्यांनी पोलिसांनी बंदूक रोखल्यासारखे दोन्ही हात वर केले.

"ह्यांना सोडून मी..." ताई म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला. मग त्यावर डोंगराचं सुंदर चित्र आलं. खाली लिहिलं होतं, 'आपले स्वागत आहे.'



"ह्यांना सोडून," सासूबाई हळूच म्हणाल्या. "असंच म्हणाली ना?"

"सांगून म्हणाली असेल. ह्यांना सांगून," नवरा म्हणाला.

"माझे गुडघे गेलेत, कान नाही गेले."

"आई, वाक्य अर्धंच होतं. पुढे काहीही असू शकतं," सूनबाई ट्रे खाली ठेवत म्हणाली.

"ह्यांना सोडून मी, ह्याच्यापुढे काय असणार? भाजी आणायला जाते?"

"असू शकतं की."

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. फोन का तुटला हे ह्याच घटकेला सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं. पण घरावर वीज कोसळली असताना, फ्यूज मी काढला होता, असं कोण सांगतं? तिनं घाईघाईनं कॉम्प्युटर पुन्हा उघडला आणि ताईंना फोन लावला. वाजला, आणि तिकडून तोडला गेला. नवऱ्यानं मोबाइलवरून लावला, तोही तोडला. तिसऱ्यांदा लावेपर्यंत ताईंचा फोन बंदच झाला होता.

आता शंकेला जागाच उरली नाही. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सासरे म्हणाले, "मी तेव्हाच म्हणालो होतो."

"काय म्हणाला होतात? स्थळ तुम्हीच आणलंत."

"आणलं मी. पसंत तू केलंस. म्हणे, मुलगा खाली मान घालून बोलतो."

"मान खाली घालणाऱ्याच्या मनात काय असतं, ते वरून कसं दिसणार!"

तेवढ्यात सासूबाईंच्या बहिणीचा, म्हणजे मावशींचा, नेहमीचा फोन आला. सासूबाईंनी नुसता हुंदका दिला आणि बाकीचं मावशींनी स्वतः समजून घेतलं. त्या तडफदार होत्या. पुढचा चहा होईपर्यंत त्यांनी ओळखीतला एक वकील शोधला, त्याच्याशी बोलल्या, आणि वकिलाच्याच नात्यातलं एक बरंसं स्थळही सुचवलं. "घाई नाही," त्या म्हणाल्या, "पण विचार करून ठेवा."

हे ऐकून सासरे उठले. "पुरे झालं. मी जावयालाच विचारतो. समोरासमोर."

"बाबा, मला वाटतं आधी मी एक..." सूनबाईनं तोंड उघडलं.

"तू मध्ये पडू नकोस. हा आमच्या रक्ताचा प्रश्न आहे."

त्यांनी मोबाइलचा स्पीकर लावून तो टेबलावर मधोमध ठेवला. चौघं भोवती बसले. तिकडून जावयांचा आवाज आला, "हां, बाबा?"

"जावईबापू," सासरे करारी आवाजात म्हणाले, "आम्हाला सगळं कळलंय."

तिकडून एक लांब सुस्कारा. "तिनं सांगितलं?"

"तिच्याच तोंडून ऐकलं."

"म्हणजे तिला माहीत होतं! बाबा, चुकलो मी. खूप वेळा कबूल करावंसं वाटलं, पण आईंना काय वाटेल म्हणून धीर झाला नाही."

सासूबाईंनी टेबलाची कड पकडली. नवऱ्यानं पहिल्यांदाच आपल्या मोबाइलवरच्या सामन्याचा आवाज बंद केला.

"किती दिवस चाललंय हे?"

"लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीपासून."

"पहिल्याच थंडीपासून!" सासरे कोसळायचे राहिले. "कोण आहे ती?"

"ती नाही, तो आहे. शेजारच्यांचा."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.  जागतिक शांततेवर लिहिणाऱ्या माणसालाही शब्द सुचेनात.

"चांगला धिप्पाड आहे," जावई सांगत होते, "अंगभर केस. पण थंडी सोसत नाही हो त्याला. पहाटे दारात येऊन कुडकुडायचा. मला राहवेना."

"केस?" सासूबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

"आई! तुम्ही पण आहात का? आई, माफ करा. तुम्ही दर वर्षी इतक्या मायेनं स्वेटर विणून पाठवता, पण ते मला टोचतात हो. मानेला पुरळ उठतं. आणि त्या कुत्र्याला ते असे काही बसतात, की जणू त्याच्याच मापाचे विणलेत."

खोलीतली हवा एकदम बदलली. सासऱ्यांचा चेहरा सुटला, नवऱ्यानं रुमालात तोंड लपवलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांवरून खाली घेतला. डोळे कोरडे ठणठणीत होते.

"टोचतात?" त्या म्हणाल्या.

"अहो, ते राहू दे!" सासरे ओरडले. "आमची मुलगी कुठे आहे? ती तुम्हाला सोडून कुठे निघालीय?"

"माहेरी!" जावई गोंधळून म्हणाले. "म्हणजे निघाली होती. आता म्हणते जाणार नाही. मघापासून आतल्या खोलीत रडतेय."

मग फोन ताईंकडे गेला. त्या रडतही होत्या आणि भांडतही होत्या, हे ह्या घरातल्या बायकांना एकाच वेळी जमे. "काय बाबा तुम्ही! ह्यांना सुट्टी नाही, म्हणून ह्यांना सोडून मी एकटीच दोन महिने राहायला येते, एवढंच सांगत होते. तर तुम्ही दोन्ही हात वर केलेत आणि फोनच बंद केलात! आणि मागून वहिनी ओरडली, 'घालवा, घालवा' म्हणून. मी ऐकलं माझ्या कानांनी. मी यायला नको असेल, तर तसं नीट सांगायचं होतं!"

सगळ्यांच्या माना सूनबाईकडे वळल्या. आता लपण्यात अर्थ नव्हता.

"ताई, घालवा नाही हो, हलवा म्हणाले मी. माउस हलवा!" ती म्हणाली, आणि तिनं पंधरा मिनिटं, लॉगऑफ, कोपऱ्यातली चौकट, सगळं एका दमात ओतलं. "मी आत्ताच्या आत्ता काढून टाकते ती स्क्रिप्ट. ताई, तुम्ही दोन काय, चार महिने या."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "हलवा?"

"हलवा."

"मग स्पष्ट बोलत जा ना गं!" ताई म्हणाल्या, आणि हसायलाच लागल्या. त्या हसल्या तशी सूनबाईच्या छातीवरची धोंड उतरली.

सासरे मात्र बोट नाचवत तिच्याकडे वळले. "म्हणजे माझी जागतिक शांतता..."

"हो, बाबा."

"आणि मी इतके दिवस हिला दोष देत होतो."

इथे सासूबाईंनी एरवी संधी सोडली नसती. सूनबाईनंही मान खाली घालून बोलणी खायची तयारी केली. पण सासूबाईंचं लक्षच नव्हतं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "चुकूनही उलटा टाका पडू दिला नाही मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "कुत्र्याला!"

रात्रीच्या जेवणापर्यंत मावशींना निरोप गेला आणि वकिलाला नको म्हणून सांगून झालं. स्थळाला नको म्हणताना मावशी जराशा हळहळल्या. पानं उचलून झाल्यावर सूनबाई स्क्रिप्ट काढायला बसली, तेवढ्यात सासूबाई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या.

"काढू नकोस. बरी आहे ती, कॉम्प्युटर पळतो," त्या म्हणाल्या. "मला फक्त एकदा नीट समजावून सांग, ती चालते कशी."

सूनबाईनं समजावलं. सासूबाईंनी दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही इतके नेमके होते की असं माणूस ऑफिसात असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

पुढच्या रविवारी ठरल्या वेळी फोन लागला. तिकडे तेव्हा ऐन उन्हाळा होता. ताई पातळ सुती कपड्यांत, हातात थंडगार सरबताचा पेला घेऊन बसल्या होत्या. शेजारी जावईबापू होते. त्यांनी गळ्यापर्यंत चढवलेला जाड मरून रंगाचा स्वेटर घातला होता. एका बाहीला पांढरे केस चिकटले होते आणि दुसरीचं टोक चावल्यासारखं दिसत होतं.

"बसतोय ना हो नीट?" सासूबाईंनी विचारलं.

"अगदी, आई. फार ऊबदार आहे," जावई म्हणाले. नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब खाली पडला.

ताईंच्या प्रवासाचं आटोपल्यावर सासूबाई जावयांकडे वळल्या. त्यांनी नोकरीची चौकशी केली. साहेबांची केली. मग जावयांच्या आईची, त्यांच्या संधिवाताची आणि त्यावर चालू असलेल्या तेलाची केली. जावई हसून उत्तरं देत होते आणि मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. हा फोन पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडतो, हे बहुधा ताईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

कोपऱ्यात चौकट उमटली. सासऱ्यांनी ती पाहिली, नवऱ्यानं पाहिली, सूनबाईनं तर पाहिलीच. कुणीही हललं नाही.

सासूबाईंनी पडद्यावरची नजर न काढता हात पुढे केला आणि माउस बोटभर सरकवला. चौकट नाहीशी झाली.

"हं," त्या खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, "तर तुमच्या आई ते तेल दिवसातून किती वेळा लावतात, म्हणालात?"