पेढे देऊन परत केलेला फ्लॅट

कर्जाचं घर बँकेला देऊन टाकायचं, की कर्जही तिच्याच गळ्यात! हा शोध मी लावला तेव्हा नागभीडात माझ्याइतका हुशार माणूस नव्हता. निदान मला दिसला नव्हता.

चंद्रपूरचा फ्लॅट मी हट्टानं एकट्याच्या नावावर घेतला होता. दारावरची पाटीसुद्धा एकट्याची. भाडेकरू गेला, दुसरा मिळेना, हप्ते थकले. जप्तीची नोटीस येताच मी फ्लॅट झाडून-पुसून घेतला, नळाला नवी तोटी बसवली आणि चावी घेऊन शाखेत गेलो. सोबत पेढे. आमच्या विहाराची लग्नाची भांडी आम्ही अशीच परत करतो, घासूनपुसून, हसतमुखानं.

शाखेच्या मॅनेजर रश्मी मॅडमनी चावी घेतली, पेढाही घेतला. सुटलो!

लिलावात घर गेलं चौदा लाखांत. कर्ज होतं व्याजासकट एकोणीस. फरकापोटी बँकेनं त्याच शाखेतली माझी दोन लाखांची ठेव वळती केली. ती आमच्या मुलीच्या, हर्षाच्या नर्सिंगची होती. बाकीच्या तीन लाखांचा तगादा माझ्या पगाराकडे बघत बसला.

शुक्रवारी प्रवेशाची शेवटची तारीख. म्हटलं, शैक्षणिक कर्ज काढू. मॅडमनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. माझा सिबिलचा आकडा इतका खाली गेला होता की वाचायला मीच वाकलो.

“मॅडम, घर तर तुम्हालाच दिलं ना?”

“घर दिलं सर. कर्ज नाही फेडलं.”

घरी बायकोला, सत्यशीलेला सांगितलं. अंगणवाडी सांभाळून ती विहाराच्या भांड्यांची वहीही ठेवते.

“पुतण्याच्या लग्नात तुम्ही झारा हरवला, तं भरून घेतला का नाई मी?”

“घेतला.”

“बाकीचे गंज-पातेले चकचकीत होते म्हणून सोडलं का तुम्हाले?”

“नाही.”

“मंग पेढे काऊन नेले बँकेत?”

मी एम.ए. आहे. कर्जाचे कागद त्या रात्री पहिल्यांदा वाचले.

गुरुवारी आपल्या नावावर शैक्षणिक कर्ज मागायला ती हर्षाला घेऊन बँकेत गेली; मी मागून. बचत गटाच्या कर्जाचा तिचा एकही हप्ता चुकलेला नव्हता. मॅडम म्हणाल्या, “बाई, त्या फ्लॅटवर तुमचं नाव नव्हतं, हे फार बरं झालं.”

मी जरा छाती फुगवली. शेवटी तो हट्ट माझाच होता. “माझी सही कुठे करू?”

मॅडमनी कागद हळूच आपल्याकडे ओढले. “नको सर. तुमची नको.”

“बाबा, तुम्ही पेढे आणा ना,” हर्षा म्हणाली.

मी निघालो. मागून सत्यशीलेचा आवाज आला, “पाव किलोच आणजा. अन् उधार नका आणू.”

उधार तसंही आता कोण देतं मला.