न ऐकलेल्यांचे वकील

मन्वेलकाका साळवे नवीन माणसाला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. ते पाथरवटाचं विचारतात.

"भाज्याची लेणी पाहिलीत ना? ती कोरणारा एक पाथरवट धरा. येशूच्या जन्माच्याही आधीचा. सकाळी भाकरी खाऊन, छिन्नी-हातोडा घेऊन डोंगर चढला. जन्मभर दगड फोडला, कुणाचं वाईट केलं नाही आणि एक दिवस मेला. येशूचं शुभवर्तमान त्याच्या कानावर पडणं शक्यच नव्हतं. तर आता तो कुठे आहे? स्वर्गात, की दुसरीकडे?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला तेव्हा लोणावळ्यातल्या आमच्या सोसायटीत राहायला येऊन मला जेमतेम दोन तास झाले होते आणि माझ्या हातात गॅसची शेगडी होती. मी म्हटलं, "काका, जरा वाट द्या." ते म्हणाले, "वाट देतो, पण विचार करून ठेवा. संध्याकाळी येतो." आणि आले!

हाच प्रश्न त्यांनी दाताच्या डॉक्टरांना स्वतःच्या तोंडात कापसाचे बोळे असताना विचारला. पेशंट दुखतंय म्हणून ओरडतोय असं वाटून डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. चिक्कीच्या दुकानातल्या रविवारच्या गर्दीत त्यांनी मुंबईच्या एका गृहस्थांना गाठलं, तर ते काकांना गाइड समजून लेण्यांच्या तिकिटाचे दर विचारू लागले. काकांनी दर सांगितले आणि वर म्हणाले, "आता माझ्या प्रश्नाचं बोला."

बहात्तर वय, ताडमाड उंची, चष्मा कायम कपाळावर. बायको मार्थाकाकू पाच वर्षांमागे गेल्या, मुलगी दुबईला. आमच्या सोसायटीत ख्रिस्ती घर हे एकच, पण काकांनी कुणाला "आमच्यात या" म्हटल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या गणपतीच्या आरतीला ते दाराशी उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि मोदक मात्र आत येऊन खायचे. त्यांचं वेड वेगळंच होतं. ज्यांनी येशूचं नावच ऐकलं नाही अशा यच्चयावत माणसांचं वकीलपत्र त्यांनी घेतलं होतं, आणि अशिलांपैकी एकालाही त्याची खबर नव्हती.

वकिली ते शिकले देहूरोडला. तिथल्या लष्करी डेपोत काका स्टोअरकीपर होते. तिथला दंडक असा, की नवा हुकूम निघाला की त्याचं सर्क्युलर सगळ्यांत फिरवायचं आणि 'वाचले' म्हणून प्रत्येकाची सही घ्यायची. रजेवर असेल त्याची सही तो परत आल्यावर. एकदा एका कामगाराने मनाई असलेल्या जागी सायकल लावली म्हणून साहेब त्याला चार्जशीट देऊ लागले. काकांनी रजिस्टर उघडून पुढे ठेवलं. सर्क्युलर फिरलं तेव्हा तो बाळंत झालेल्या बायकोपाशी, रजेवर, आणि परतल्यावरही सही घेतलेली नाही! मेजरसाहेबांनी कागद फाडला.

"नोट करा, बाई," काका मला म्हणायचे. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मी 'बाई'. "एक साधा मेजर न्यायानं वागला. मग देवाचं ऑफिस आमच्या डेपोपेक्षा ढिलं असेल का हो? पाथरवट तर रजेवरच होता!"

काकांच्या घरी टेबलावर चार फायली होत्या. लाल फाईल कडक मंडळींची. येशूच्या नावावाचून तारण, म्हणजे मुक्ती, नाही, आणि म्हणूनच तर मिशनरी महिनोन्‌महिने बोटीत उलट्या काढत इथवर आले. पिवळीत जरा मऊ लोक. ज्याला जेवढा उजेड मिळाला तेवढ्यापुरताच देव त्याला जाब विचारेल, कारण त्याने बरंवाईट प्रत्येकाच्या काळजावर लिहूनच ठेवलंय. निळीत असं, की वधस्तंभावरच्या मरणानंतर प्रभू अधोलोकात जाऊन तिथल्या आत्म्यांनाही उपदेश करून आला, तेव्हा मेल्यावरही ऐकण्याची सोय असणार. आणि हिरवीत एकच कागद: शेवटी सगळेच आत.

"मग हिरवीच धरा की," मी एकदा वैतागून म्हटलं.

"ती मला फार आवडते हो. म्हणूनच तिच्यावर माझा भरवसा नाही."

आणि हे सगळं शांतपणे चालायचं असं समजू नका! एकदा सकाळी सहाला माझं दार धडाधडा वाजलं. मला वाटलं, आग लागली. दारात काका, एका पायात चप्पल.

"अब्राहाम!" ते ओरडले. "बाई, अब्राहामानं तरी येशूचं नाव कुठे ऐकलं होतं? दोन हजार वर्षं आधीचा माणूस! तरी तो आत आहे, शास्त्रात लिहिलंय. म्हणजे नाव न ऐकता आत गेल्याचं उदाहरण आहे! सापडलं!"

एवढ्यात आत माझं दूध उतू गेलं. मी कावले, पण खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. त्या पाथरवटाशी माझं काय नातं? तरी त्याचं भलं होणार म्हणून मी ओटा पुसता पुसता चक्क गुणगुणत होते. संध्याकाळी काका परत आले ते खांदे पाडून.

"अब्राहामाशी देव स्वतः बोलला होता, बाई. पाथरवटाशी कोण बोललं?"

त्यांच्या चर्चचे पाळक तरुण आहेत, भले आहेत आणि काकांनी पार टेकीला आणलेले आहेत. एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "गेल्या वर्षापर्यंत काका प्रवचनात छान झोपायचे हो. आता पहिल्या ओळीत हात वर करून बसतात." त्यांनी काकांना सांगून पाहिलं, की सगळ्या जगाचा न्यायाधीश चुकीचा न्याय करणार नाही, त्याच्यावर सोपवा. काका म्हणाले, "सोपवलंय. पण पोच कुठाय?" शेवटी बुधवारच्या शास्त्राभ्यासात पाळकांनी पाथरवटाला महिनाभर बंदी केली. पुढच्याच बुधवारी काकांनी नोहाच्या जलप्रलयात बुडालेल्यांची बाजू मांडायला घेतली. बंदी पाथरवटावर होती, नोहाच्या शेजाऱ्यांवर नव्हती.

ऑगस्टमध्ये मी त्यांना माझ्या जुन्या गाडीतून लोहगडवाडीला नेलं. मधला वार असल्यामुळे ट्रेकवाले नव्हते. एका टपरीत मावशी भजी तळत होत्या. काकांनी बसल्या बसल्या विचारलं, "मावशी, येशूचं नाव ऐकलंय का कधी?"

"न्हाई बा," मावशी झारा हलवत म्हणाल्या. "कोन त्यो? तुमच्या पावन्यांपैकी हाय का?"

काकांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. इतके दिवस ज्यांची बाजू मांडली त्यांतलं एक माणूस जिवंत, समोर, झारा घेऊन उभं! त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग घाईघाईने म्हणाले, "काही नाही, मावशी. चार प्लेट भजी द्या."

आम्ही दोघं, प्लेटी चार. मी डोळे वटारले तेव्हा ते माझ्या कानाशी कुजबुजले, "पेच कळतोय का, बाई? आत्तापर्यंत ती रजेवर आहे. मी सांगितलं, म्हणजे सर्क्युलर दाखवलं. मग तिनं सही केली नाही तर? माझ्यामुळे अडकेल ना बिचारी!"

"मग नका सांगू."

"न सांगून कसं चालेल? सांगा, असा तर आम्हाला हुकूम आहे!"

पण मावशी ऐकतायत होय? "आवो आबा, कोन त्यो येशू? आरदं बोलून गप काय बसला?"

मग काकांनी सांगितलं. बोलताना त्यांना वचनं आठवली नाहीत की फायली. गोठ्यात जन्मला, आजाऱ्यांना हात लावून बरं केलं, हलक्या मानलेल्यांबरोबर जेवला, लोकांनी खिळे ठोकून मारला, तिसऱ्या दिवशी उठला. दहा मिनिटं लागली असतील. मावशींनी घाणा कढईतच राहू दिला होता.

"चांगला व्हता की मानूस," त्या म्हणाल्या. "मंग मारला कशापायी?"

"आमच्यासाठी," काका म्हणाले, आणि त्यांनी हातातलं भजं परत प्लेटीत ठेवलं.

"खावा आबा, भजी गार व्हत्यात."

खाली उतरताना मी त्यांना चिडवायचं ठरवलं होतं, पण ते खिडकीबाहेर बघत होते. एकदाच पुटपुटले, "दहा मिनिटं. एवढंच तर होतं." मला वाटलं, मावशींबद्दल बोलतायत.

नोव्हेंबरात एका रविवारी ते चर्चला गेले नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या दारात आले. "बाई, परंदवडीला सोडाल? माझ्या मित्राचा पहिला स्मृतिदिन आहे. एकट्याला जाववत नाही."

वाटेत पाथरवट नाही, अब्राहाम नाही, काही नाही. सोमाटणे फाटा सोडल्यावर ते आपणहून बोलू लागले. मित्राचं नाव सुदाम ओव्हाळ. परंदवडीचं बौद्ध कुटुंब, डेपोत काकांच्याच टेबलावर. अठ्ठावीस वर्षं दोघांनी डबे एकत्र खाल्ले. सुदामची भाकरी आणि सुकट काका खायचे, मार्थाकाकूंचं कालवण सुदाम.

"लागलो त्या वर्षी डेपोच्या गेटवर एक प्रचारक आला होता, पत्रकं वाटत. पोरांनी त्याची टर उडवली. सुदाम माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, 'मन्वेल, तू तसला न्हाईस हे बरं हाय.' झालं! मला मित्र हवा होता, बाई. मी गप्प बसलो ते अठ्ठावीस वर्षं, आणि रिटायर झाल्यावरही. क्रिकेट बोललो, टोमॅटोवरची कीड बोललो. माझ्या प्रभूबद्दल एक अक्षर नाही. आणि गेल्या वर्षी तो झोपेतच गेला. त्यानं ऐकलं नाही, कारण मी सांगितलं नाही. आता तो कुठे आहे, सांगा मला. पाथरवटाला निदान कुणी सांगणाराच नव्हता. सुदामच्या शेजारी मी बसलो होतो."

मला भयंकर लाज वाटली. दहा महिने मी ह्या माणसाला हसत आले होते. ह्याच गोष्टी शाळेच्या स्टाफरूममध्ये रंगवून सांगून मी टाळ्या मिळवल्या होत्या.

सुदामच्या घरी अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. ओट्यावर बुद्धाची मूर्ती, निळ्या कोटातली तसबीर आणि शेजारी हार घातलेला सुदामचा फोटो. त्याची बायको शेवंताबाई काकांना बघून उठल्याच.

"भावजी! वरीस झालं. मातीला आलता, त्ये परत तोंड दावलं न्हाई."

काकांनी बसायचीही वाट पाहिली नाही. हात जोडले. "वहिनी, माझं चुकलं. सुदामला मी आमच्या प्रभूबद्दल कधी काही सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षं, एकदाही नाही."

स्मृतिदिनाला आलेला माणूस दारातच हे काय बोलतो! बाईंना राग आला तर? पण शेवंताबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"आवो, त्यांचं बी त्येच व्हतं की! दर वैशाखी पुनवेला म्हनायचे, 'औंदा मन्वेलला इहारात नेतो. धम्माचं चार शब्द त्याच्या कानावर घालतो.' मी म्हनायची, घाला की मंग. तर म्हनायचे, 'नगं. त्याला वाटंल मी त्याला वडतोय. उद्या डबा घिऊन दुसऱ्या टेबलाव बसंल.'"

"काय सांगता!" काका इतक्या मोठ्याने ओरडले की सतरंजीवरची माणसं वळून बघू लागली. "म्हणजे मीसुद्धा? त्याच्या लेखी मीही न ऐकलेलाच? वहिनी, मग माझं पुढे काय होणार म्हणायचा तो?"

"यकदा इचारलं व्हतं मी. म्हनले, 'शेवंता, मन्वेल कुटंबी गेला तरी चांगल्याच ठिकानी जाईल.' आन येवढं म्हनून घोराया लागले."

"घोरायला?"

"व्हय. लगीच."

काका मटकन ओट्याच्या पायरीवर बसले. आधी हसले, खदाखदा, पोट धरून. "चार फायली केल्या मी!" ते मला सांगत होते. "आणि हा निकाल देऊन झोपलासुद्धा!" मग त्यांच्या हसण्याचं रडणं कधी झालं ते मलाही कळलं नाही. शेवंताबाईंनी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापाशी ठेवला आणि त्याही तिथेच पायरीवर टेकल्या. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा काका डोळे पुसून इतरांच्या ओळीत हात जोडून बसले. त्यांचे ओठ हलत होते. ते स्वतःची प्रार्थना म्हणत असणार. जेवणात वांग्याची भाजी होती, ती त्यांनी दोनदा मागून घेतली.

परत निघालो तेव्हा मी किल्ली फिरवणार तोच त्यांनी माझा हात धरला. "बाई, थांबा जरा." सुदामचं कुठे काय, ह्याचा उलगडा काही झाला नव्हता, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. शेवंताबाई फाटकाशी उभ्या राहून हात हलवत होत्या.

"मार्था गेल्यावर मी धरून चाललो होतो," ते म्हणाले, "की आता आपलं कुठे काय होईल ह्याची काळजी करणारं माणूस उरलं नाही. आणि हा सुदाम माझ्यासमोर बसून, भाकरी मोडत, तीच काळजी करत होता हो."